इंग्रजी शब्द एकेकटे पाठ करून येत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत दोन गोष्टी हमखास घडतात. ज्यांचं मूल दहावी झालं ते आई-वडील सायन्सचा फॉर्म भरावा की नको या घोळात पडतात. आणि ज्यांचं मूल अजून अंगणवाडीत खेळतंय, ते शेजारच्यांची ती घालमेल बघून मनाशी ठरवून टाकतात, की आपल्याला मराठी शाळा नकोच. दोन्हींच्या मुळाशी भीती एकच आहे : पीयूसीला (अकरावी-बारावीला) सगळं इंग्रजीत, मराठी माध्यमातल्या पोराला ते झेपायचं नाही. या भीतीबद्दल आणि तिच्यावर आपल्याला करता येण्यासारख्या एका कामाबद्दल हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, पण विषय जिव्हाळ्याचा आहे, जागा द्यावी ही विनंती.

मी खानापूर तालुक्यात मराठी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर वडगावात राहते. संध्याकाळी नववी, दहावी, पीयूसीची मुलं वह्या घेऊन घरी येतात. फी वगैरे काही नाही. पीयूसीला गेलेली मुलं जूनमध्ये आली की पहिले काही दिवस सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच असतं : "बाई, गणित येतंय, पण प्रश्नच कळंना झालाय."

कुठला शब्द कळेना, हे मी त्यांना पेन्सिलीनं खूण करायला सांगते. लोकांना वाटतं, मुलं अडतात ती व्हेलॉसिटी, अ‍ॅक्सिलरेशन, फोटोसिंथेसिस अशा शास्त्रीय शब्दांवर. तसं होत नाही. ते शब्द वर्गात सर फळ्यावर लिहितात, समजावतात, परीक्षेत पुन्हा पुन्हा येतात, पंधरा दिवसांत तोंडात बसतात. मुलं अडतात ती रिस्पेक्टिव्हली, अझ्यूम, निग्लिजिबल, सब्सिक्वेंट, व्हेअरअ‍ॅज, डिराइव्ह या शब्दांवर. हे शब्द कुठल्याच विषयाचे नाहीत, म्हणून कुठलेच सर ते शिकवत नाहीत. भौतिकशास्त्राच्या सरांना वाटतं हे इंग्रजीच्या तासाचं काम, आणि इंग्रजीच्या तासाला धडा नि कविता संपवायची असते.

गेल्या वर्षी एका मुलानं आणलेला प्रश्न सांगते. ए आणि बी या दोन वस्तूंचं वस्तुमान रिस्पेक्टिव्हली २ किलो आणि ५ किलो, घर्षण निग्लिजिबल आहे असं अझ्यूम करा. पोरगा हुशार. पण २ किलो कुणाचं आणि ५ किलो कुणाचं, इथंच त्याची गाडी अडली. मी एवढंच म्हटलं, "अनुक्रमे." त्यानं मान हलवली. "घर्षण नगण्य आहे असं समजा." पुढचं गणित त्यानं माझ्याकडं न बघता सोडवलं. त्याला अनुक्रमे ठाऊक होतं, नगण्य ठाऊक होतं, आणि बीजगणिताची सुरुवातच 'समजा'नं करायची सवय तर सातवीपासूनची. म्हणजे डोक्यात विचार तयार होता, फक्त त्याच्यावरची इंग्रजी चिठ्ठी कुणी वाचून दाखवली नव्हती.

अशा शब्दांची मोजदाद जगात झालेली आहे, हे आपल्याकडं फारसं कुणी सांगत नाही. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमधल्या विद्यापीठात अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अशा शब्दांची यादी प्रसिद्ध केली. विद्यापीठीय पुस्तकं आणि लेखांतले सुमारे ३५ लाख शब्द तपासून त्यांनी ५७० शब्दकुळं निवडली. एका कुळात अझ्यूम, अझ्यूम्ड, अझम्प्शन असे सगळे भाऊबंद धरायचे. रोजच्या वापरातले दोनेक हजार शब्द ज्याला येतात, त्याला ही ५७० कुळं आली की अभ्यासाच्या पुस्तकातला आणखी सुमारे दहा टक्के मजकूर उलगडतो. आणि ते दोन हजार शब्द निवडणारे मायकेल वेस्ट ढाक्याला होते, बंगाली मुलांना इंग्रजी कसं वाचता येईल याच्याच खटपटीतून त्यांचं काम उभं राहिलं. आपल्यासारख्याच मुलांसाठी झालेलं काम आपल्याच मुलांपर्यंत पोचू नये, याचं वाईट वाटतं. ५७० म्हणजे किती? रोज तीन शब्द धरले तर १९० दिवस. शाळेचं एक वर्षसुद्धा लागत नाही.

पण हे शब्द शिकायचे कसे, हा खरा प्रश्न. तो मला नीट दिसला एका कोरियन मुलीमुळं.

माझी लेक पुण्यात असते, मी काही दिवस तिच्याकडं राहायला गेले होते. तिच्या इमारतीत एक कोरियन कुटुंब राहायला आलं होतं. नवरा तिथल्या एका कारखान्यात, बायको घरी. तिला पुढं परदेशात एम. ए. करायचं होतं आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. मी इंग्रजीची शिक्षिका म्हटल्यावर ती रोज दुपारी वही घेऊन यायला लागली. मला ती 'सॉनसेंगनिम' म्हणायची. सॉनसेंग म्हणजे शिक्षक आणि निम म्हणजे आपला 'जी'. थेट गुरुजीच.

तिची वही बघून मी चकित झाले. हजारो इंग्रजी शब्द, बारीक अक्षरात, प्रत्येकापुढं कोरियन अर्थ. मला क्वचित भेटणारे शब्दही तिला पाठ. कोरियात हे शाळेपासूनच चालतं. तिथं इंग्रजी १९९७ पासून तिसरीपासून शिकवतात. शाळा सुटली की मुलं हागवॉनला, म्हणजे खासगी क्लासला जातात. हे क्लास इतके उशिरापर्यंत चालायचे की सोल शहरात रात्री दहानंतर ते बंद ठेवण्याचा नियम करावा लागला. नोव्हेंबरमध्ये विद्यापीठ प्रवेशाची सुनुंग परीक्षा असते. तिच्यात इंग्रजी ऐकण्याचे प्रश्न चालू असतात तेवढा वेळ देशभरातल्या विमानांचं चढणं-उतरणं थांबवतात, आवाजानं मुलांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून. एवढं करूनही ती मुलगी इंग्रजीत चार ओळी लिहायला बसली की अडखळायची.

तिनं एकदा लिहिलं, गोळीनं माझी डोकेदुखी मिटिगेट केली. वहीत बघितलं तर मिटिगेट, अलीव्हिएट, रिलीव्ह या तिन्ही शब्दांपुढं एकच कोरियन शब्द होता. त्याचा अर्थ कमी करणं, सौम्य करणं. अर्थ तिन्हींचा बरोबर. पण इंग्रजीत डोकेदुखी रिलीव्ह होते, दारिद्र्य अलीव्हिएट करतात आणि धोका किंवा नुकसान मिटिगेट करतात. हे यादीत कुठंच लिहिलेलं नसतं.

परत आल्यावर मी माझ्या मुलांच्या वह्या त्याच नजरेनं बघितल्या. रिझल्ट : परिणाम. इफेक्ट : परिणाम. कॉन्सिक्वेन्स : परिणाम. इम्पॅक्ट : परिणाम. ज्या मुलांनी कन्नड अर्थ लिहिले होते त्यांच्याही वहीत परिणामच, कारण कन्नडमध्येही तो शब्द तोच. चार इंग्रजी शब्द आणि एक परिणाम. मग लिहिताना पोरं त्यातला कुठलाही उचलतात. ती कोरियन मुलगी आणि आमची येळ्ळूरची, हलग्याची मुलं एकाच ठिकाणी ठेचकाळत होती.

त्या मुलीला मी तेव्हा मराठीच्या आधारानं समजावलं. मला कोरियन येत नव्हतं आणि इंग्रजी तर तिचं अडलेलं, म्हणून मी आपल्या भाषेतली उदाहरणं इंग्रजीत फोडून सांगितली. आमच्याकडं ताप उतरतो, पूर ओसरतो, राग निवळतो, तहान भागते. सगळीकडं काहीतरी कमीच होतंय, पण पूर उतरला चालेल एखाद वेळ, तहान ओसरली म्हटलं तर लहान मूलसुद्धा हसेल. तिनं लगेच कोरियनमधली उदाहरणं द्यायला सुरुवात केली. त्यांच्यात औषध 'खातात', आपण गोळी खातो तसंच. आणि पुढं म्हणाली, त्यांच्यात शिव्याही खातात, 'योगुल मॉक्ता'. मी म्हटलं, आम्हीपण! लाचसुद्धा दोन्हीकडं खाल्लीच जाते. इंग्रजीत यातलं काहीच खात नाहीत. त्या दुपारनंतर तिनं यादी पाठ करणं सोडलं आणि प्रत्येक शब्दासोबत तो कुणाबरोबर राहतो ते लिहायला लागली.

कोरियन आणि मराठीची ठेवण किती जुळते हेही मला तेव्हाच कळलं. 'नानुन हाक्क्यो-ए गान्दा', मी शाळेला जातो. शब्दाला शब्द, क्रमसुद्धा तोच. क्रियापद शेवटी, विभक्तीचं शेपूट नामाला मागून, ए आणि द यांच्यासारखी उपपदं दोघांकडंही नाहीत. म्हणून दोघांच्याही चुका सारख्या होतात. त्यांचे अवघड शब्द चिनी मुळांतून आले, आपले संस्कृतातून. फोटोसिंथेसिसला त्यांच्याकडं 'ग्वांगहापसॉन्ग' म्हणतात : ग्वांग म्हणजे प्रकाश, हाप म्हणजे एकत्र येणं, सॉन्ग म्हणजे घडणं. आपलं प्रकाशसंश्लेषण. कोरियन मुलाला अशी मुळं ओळखीची असतात, आणि त्याच सवयीनं इंग्रजीतली फोटो, सिन, हायड्रो, सब ही मुळं सुटी करायला ते शिकू शकतं. आपल्या मुलाला उपसमिती आणि उपनगर माहीत आहे, त्याला सबकमिटी आणि सबर्ब्स शिकवायला किती वेळ लागणार?

मात्र एका बाबतीत आपल्या मुलांची वाट त्यांच्याहून फार बिकट आहे. कोरियात शाळेचे सगळे विषय कोरियनमधून होतात. इंग्रजी हा एक विषय. त्यात मागं पडलं तरी विज्ञान आणि गणित आपल्या भाषेत पुढं चालू राहतं. आपलं मूल सोळाव्या वर्षी एका उन्हाळ्यात माध्यम बदलतं. मार्चमध्ये जडत्व लिहिलं, जूनमध्ये इनर्शिया. त्याच्या डोक्यावर कन्नडही आहेच, आणि ते चांगलं यायलाच हवं, इथं राहायचं तर. तीन भाषांचा भार वाहणाऱ्या या मुलाला आपण पुलाशिवाय नदी ओलांडायला लावतो, आणि तो मध्ये गटांगळ्या खाऊ लागला की मराठी शाळेला बोल लावतो.

मग पहिलीपासूनच इंग्रजी माध्यम का नको, असं माझे कितीतरी जुने सहकारी म्हणतात. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण घरात इंग्रजीचं एक वाक्य कानावर न पडणारी इंग्रजी माध्यमाची मुलंही माझ्याकडं येतात. ती रिस्पेक्टिव्हली स्वच्छ उच्चारात वाचतात. अर्थ विचारला तर गप्प. अनुक्रमे म्हणजे काय विचारलं तरी गप्प. त्यांच्याशी बोलायला माझ्याकडं भाषाच उरत नाही, आणि त्याचं दुःख मला मराठी माध्यमातल्या मुलाच्या अडचणीपेक्षा जास्त होतं. ज्याला ताप उतरतो आणि पूर ओसरतो यातला फरक जन्मापासून माहीत आहे, त्याला मिटिगेट आणि रिलीव्हमधला फरक समजावता येतो. ज्याची कुठलीच भाषा तेवढी खोल गेली नाही, त्याला समजवायचं कशाच्या आधारानं?

आमच्याकडं संध्याकाळी काय चालतं ते थोडं सविस्तर लिहिते, कारण कुणालाही ते आपल्या घरी करता येईल. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंची पत्त्यांएवढी कार्डं कापली आहेत. एका बाजूला इंग्रजी शब्द. मागं मराठी अर्थ, येत असेल तर कन्नड अर्थ, त्या शब्दाचे दोन-तीन सोबती आणि मुलानं स्वतः रचलेलं एक वाक्य. वाक्य पुस्तकातलं चालत नाही, स्वतःच्या घरचं, शिवारातलं, गल्लीतलं हवं. येळ्ळूरच्या एका मुलीनं मिटिगेटच्या मागं लिहिलं : क्लीनिंग द बळ्ळारी नाला विल मिटिगेट द डॅमेज टु अवर पॅडी. दर पावसाळ्यात नाल्याचं पाणी भातात शिरतं, तिच्या घरी जून-जुलैमध्ये दुसरं बोलणं नसतं. तो शब्द ती आता विसरेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या एका मुलानं कॉन्सिक्वेन्सच्या मागं सफर द कॉन्सिक्वेन्सेस लिहून खाली भावाची गोष्ट लिहिली, हेल्मेट न घालता कॅम्पातून गाडी नेली त्याची. कॉन्सिक्वेन्स बहुतेकदा भोगावे लागतात आणि रिझल्ट मिळतो, एवढं त्याला त्या एका वाक्यात कळलं.

कार्डं ठेवायला कुंद्याचे रिकामे डबे आहेत, पाच. नवीन कार्ड पहिल्या डब्यात, तो रोज बघायचा. आलं की दुसऱ्यात, तो दोन-तीन दिवसांनी. मग आठवड्यानं, पंधरवड्यानं, महिन्यानं. चुकलं की कार्ड परत पहिल्या डब्यात. ही युक्ती माझी नाही, जर्मन भाषेत लिहिणाऱ्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये ती लोकांपुढं मांडली. पाठ केलेलं किती झपाट्यानं विसरतं, हे त्याच्याही आधी १८८५ मध्ये हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. विसरायच्या बेताला आलेला शब्द पुन्हा आठवावा लागला की तो पक्का होतो. मोबाइलवर यासाठी अ‍ॅपही मिळतात, ज्यांच्या घरी फोन मोकळा असेल त्यांनी जरूर वापरावीत. पण कार्ड हातानं लिहिताना मुलं वाक्यासाठी डोकं खाजवतात, भांडतात, एकमेकांची वाक्यं दुरुस्त करतात, आणि निम्मं शिकणं तिथंच होतं.

आता विनंती. आपल्या भागातल्या मराठी हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना माझं सांगणं आहे, की दहावीची परीक्षा संपल्यापासून पीयूसीचे वर्ग भरेपर्यंत जे आठवडे रिकामे जातात, त्यात शाळेच्याच एका खोलीत रोज दीड तास मुलांना बोलवा. गणित-विज्ञानाचे शिक्षक आणि इंग्रजीचे शिक्षक एकत्र बसले तर उत्तम. पीयूसीची पुस्तकं समोर ठेवून त्यांतले हे बिनविषयाचे शब्द मुलांकडूनच काढून घ्या. एवढ्या दिवसांत ५७० कुळं होणार नाहीत, पण पहिली दीडशे झाली तरी जूनमधला धक्का पुष्कळ हलका होईल, आणि उरलेली पीयूसीच्या पहिल्या वर्षात पुरी करता येतील. शिक्षक कमी पडत असतील तर गावोगावी आमच्यासारखे निवृत्त लोक आहेत, हाक मारा. बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणीच्या वाचनालयांना विनंती, की स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी सोप्या केलेल्या इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांचं एक कपाट ठेवा. शब्द यादीत पाठ होतो, पण ओळखीचा होतो तो वाचनात पुन्हा पुन्हा भेटल्यावर, आणि हाताला सहज येईल असं इंग्रजी या मुलांच्या घरात नसतं.

आपल्या दैनिकाकडं मी थोडं हक्कानं मागते. रोज एक छोटी चौकट द्या : एक इंग्रजी शब्द, त्याचे सोबती, मराठी आणि कन्नड अर्थ, आणि आपल्या भागातलं एक वाक्य. वाक्यं मुलांकडूनच मागवा. येळ्ळूर, कंग्राळी, नंदगड, जांबोटीच्या पोरांचं इंग्रजी वाक्य नावासह छापून आलं, तर घरातले सगळे ते वाचतील, ज्यांना इंग्रजी येत नाही तेसुद्धा.

१ नोव्हेंबरला, आपला हा मराठी भाग आजच्या कर्नाटकात घातला गेला त्या दिवशी, आपण निषेधाचा काळा दिवस पाळतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो लढा चालूच राहील आणि मी त्यात आहेच. कोरियात राजा सेजोंगनं १४४३ मध्ये घडवलेली आणि १४४६ मध्ये लोकांपुढं आणलेली हंगुल लिपी आहे. तिच्यासाठी ९ ऑक्टोबरला देशभर सुट्टी असते, आणि त्याच देशात महिनाभरानं इंग्रजीच्या परीक्षेसाठी विमानं थांबतात. त्या मुलीला मी विचारलं होतं, एवढा इंग्रजीचा ध्यास, मग मुलाशी घरात इंग्रजीत का बोलत नाहीस? तिला माझा प्रश्न आधी समजलाच नाही. मग म्हणाली, मी त्याची आई आहे, त्याच्याशी कोरियनमध्येच बोलणार.

पुढच्या वर्षी दहावीला असलेल्या मुलांसाठी हे काम आत्तापासून सुरू करावं लागेल. आमच्या मुलांनी आतापर्यंत केलेली कार्डं मी विषयवार लावून ठेवली आहेत. ज्या शाळेला हवी असतील त्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, मी झेरॉक्स काढून देईन. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर वर्ग भरवणार असाल तर खानापूर, नंदगड, हलशीपर्यंत बसनं यायची माझी तयारी आहे. शाळेनं फक्त खोली उघडी ठेवावी आणि खडू द्यावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
वडगाव, बेळगाव